शेर्पांच्या रक्ताची सोयीस्कर गोष्ट

दर वर्षी मेअखेरीस एव्हरेस्टचा हंगाम संपतो आणि सत्कारांचा हंगाम सुरू होतो. शाल, श्रीफळ, पडद्यावर शिखरावरचा फोटो. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारतंच, की बरोबरच्या शेर्पांना त्रास होत नाही का? उत्तर ठरलेलं असतं. त्यांना काय होणार, ते तिथलेच. त्यांच्या रक्तातच आहे ते. सभागृह माना डोलावतं आणि माइक पुढच्या माणसाकडे जातो.

हेच उत्तर वर्तमानपत्रांत, प्रवासवर्णनांत, माहितीपटांच्या निवेदनांत पुन्हा पुन्हा भेटतं. कानाला ते स्तुतीसारखं लागतं, पण त्याच्या पोटात एक हिशेब आहे. जे रक्तातून आलं ते शिकावं लागलं नाही. जे शिकावं लागलं नाही त्याला कसब म्हणायचं कारण नाही. आणि कसबच नसेल, तर मोबदला, श्रेय आणि धोका यांची वेगळी मोजदाद कशाला? हिमालयातल्या मोहिमांचा शंभर वर्षांचा कारभार बऱ्याच अंशी या हिशेबावर चालला आहे. तो चुकीचा आहे, हे दाखवायला शेर्पांबद्दल गहिवर आणायची गरज नाही. मोहिमांचा इतिहास तेवढं काम करतो.

आधी विज्ञानाचं म्हणणं ऐकून घ्यावं. शेर्पांच्या शरीरात काहीतरी वेगळं आहे, हे खरं आहे. मैदानातला माणूस उंचावर राहू लागला की त्याचं शरीर हिमोग्लोबिन वाढवत सुटतं आणि रक्त दाट होतं. तिबेटी पठारावरच्या लोकांमध्ये आणि त्यांच्याशी वंशाने जोडलेल्या शेर्पांमध्ये ही वाढ आटोक्यात राहते. यामागे ‘ईपीएएस-१’ या जनुकाचं एक खास रूप आहे. ते डेनिसोव्हन या नामशेष मानवगटाकडून आलं असावं, असं २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवलं. शेर्पांचे स्नायू हाती आलेल्या प्राणवायूतून जास्त काम काढून घेतात, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. यातलं काही नाकारायचं कारण नाही.

पण जनुकाचं हेच रूप तिबेटी पठारावरच्या लाखो लोकांत आहे. ल्हासाच्या बाजारातल्या दुकानदारात आहे, चांगथांगच्या माळावर याक चारणाऱ्यात आहे. ते काही आठ हजार मीटरवर दोर लावायला निघत नाहीत. प्राणवायू विरळ असताना शरीराने कसं वागावं, एवढ्यापुरतंच त्या जनुकाचं काम. हिमभेगेवर शिड्या एकीला एक बांधून कशा टाकायच्या, बर्फात ठोकलेला स्क्रू कुठे धरेल आणि कुठे उपटून येईल, पाहुण्या गिर्यारोहकाची जीभ अडखळायला लागली की त्याला कुठून मागे फिरवायचं, हे सगळं शिकावं लागतं. कोळीवाड्यातल्या पोराचे पाय हलत्या बोटीवर लवकर स्थिरावतात, पण वारा ओळखणं आणि जाळं टाकणं त्याला बापाच्या हाताखालीच शिकावं लागतं.

शिवाय हे रक्त काही चिलखत नव्हे. शेर्पांनाही उंचीचा आजार होतो. फुप्फुसात पाणी साठून आणि मेंदूला सूज येऊन शेर्पा मेले आहेत. हिमदंशाने त्यांचीही बोटं जातात. एव्हरेस्टच्या वरच्या टप्प्यावर काम करणारे बहुतेक शेर्पा बाटलीतला प्राणवायू वापरतात. एव्हरेस्टवर आजवर मेलेल्यांमध्ये एक तृतीयांशाहून अधिक माणसं मोहिमांनी कामावर घेतलेली होती. एलिझाबेथ हॉले यांनी काठमांडूत राहून आयुष्यभर जमवलेल्या नोंदींतून ‘हिमालयन डेटाबेस’ उभा राहिला. त्या नोंदी पाहिल्या की मरणाचे दोन नकाशे दिसतात. पाहुणे गिर्यारोहक प्रामुख्याने वरच्या भागात, शिखराच्या दिवशी जातात. थकून, घसरून, वादळात सापडून. कामगार प्रामुख्याने खालच्या भागात जातात. वाट तयार करताना, ओझी वाहताना, हिमनदीच्या तुटत्या-सरकत्या आइसफॉलमध्ये आणि हिमस्खलनात. तिथे मरण वरून कोसळणाऱ्या बर्फाचं असतं. त्याच्यापुढे हिमोग्लोबिनची मात्रा काय करणार? त्या पट्ट्यातून पाहुण्यापेक्षा कितीतरी जास्त खेपा कराव्या लागतात, म्हणून शेर्पा तिथे जास्त मरतात.

आता शेर्पा नसलेल्यांकडे पाहू. १९५४ मध्ये इटालियन मोहीम केटूवर होती. हुंझाचे आमिर मेहदी आणि वॉल्टर बोनाटी शिखरचढाईसाठी प्राणवायूच्या बाटल्या घेऊन वर गेले, पण शेवटचा तंबू ठरल्या जागी नव्हता. दोघांनी सुमारे ८,१०० मीटरवर तंबूशिवाय, उघड्या बर्फात रात्र काढली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, त्याच बाटल्या वापरून दोन इटालियन शिखरावर पोहोचले. मेहदींच्या पायांची बोटं गेली. बोनाटी आपली बाजू खरी ठरवण्यासाठी पुढे अर्धशतक भांडले आणि अखेर ती मान्य झाली. मेहदींचं नाव त्या सगळ्या वादात बहुतेक वेळ तळटीपेतच राहिलं. नेपाळी गिर्यारोहक निर्मल पुर्जा तर मगर समाजाचे, आणि त्यांचं बालपण गेलं ते नेपाळच्या तराईतल्या चितवनमध्ये, समुद्रसपाटीपासून जेमतेम काहीशे मीटरवर. रक्ताच्या सिद्धांतात ही माणसं कुठे बसतात?

रक्ताच्या गोष्टीत आणखी एक अडचण आहे, ती तारखांची. शेर्पा सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पूर्व तिबेटमधल्या खाम प्रांतातून निघून नेपाळच्या सोलु-खुंबूत आले. त्यानंतरची चारशे वर्षं त्यांनी शेती केली, याक पाळले आणि ५,७०० मीटरहून उंच असलेल्या नांगपा ला या खिंडीतून तिबेटशी व्यापार केला. एकोणिसाव्या शतकात बटाटा आला आणि खुंबूतली वस्ती वाढली. या सगळ्या काळात शिखरं चढण्याची प्रथा त्यांच्यात नव्हती. शिखरं देवांची घरं. चोमोलुंग्मावर, म्हणजे एव्हरेस्टवर, मियोलांगसांग्मा देवी राहते, अशी श्रद्धा. खुंजुंग गावाच्या डोक्यावर उभा असलेला खुंबिला आजही कुणी चढत नाही. शिखरावर जाणं रक्तात असतं, तर चारशे वर्षं ते रक्त काय करत होतं?

ते सुरू झालं दार्जिलिंगमध्ये, मजुरीच्या बाजारात. इंग्रजांनी तिथे थंड हवेचं ठाणं वसवलं, चहाचे मळे लावले, रस्ते काढले, १८८१ मध्ये आगगाडी नेली. खुंबूतली तरुण माणसं हाताला काम मिळतंय म्हणून पायी तिकडे निघाली. तूंग सूंग बस्तीत त्यांनी बिऱ्हाडं केली. त्यांच्यातले गिर्यारोहक हेरणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणजे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर केलास. युरोपीय सोबती न घेता ते शेर्पांबरोबर सिक्कीमची शिखरं चढत. १९११ मध्ये त्यांनी ७,१२८ मीटर उंचीचं पौहुनरी सर केलं. माणसाने तोवर गाठलेल्या शिखरांमध्ये ते सर्वांत उंच होतं, हे पुष्कळ वर्षांनी ध्यानात आलं. त्या चढाईतल्या दोन शेर्पांपैकी एकाची नोंद ‘सोनी’ अशी आहे. दुसऱ्याची नोंद आहे ‘टुनीचा भाऊ’. उंचीचा विक्रम करणाऱ्या तिघांतल्या एकाला त्याच्या स्वतःच्या नावानेही ओळखलं गेलं नाही.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ७ जूनला नॉर्थ कोलच्या उतारावर ताजा बर्फ साचलेला असताना मॅलरी, सॉमरव्हेल आणि क्रॉफर्ड चौदा हमालांना घेऊन वर निघाले. हिमस्खलन झालं. सात हमाल मेले; इंग्रजांपैकी एकही नाही. या गोष्टीची टोचणी सॉमरव्हेल यांना आयुष्यभर राहिली आणि त्यांनी ती लिहूनही ठेवली. पुढे ते त्रावणकोरमधल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात डॉक्टर म्हणून राबले. १९२४ मध्ये शामोनीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्या मोहिमेला गिर्यारोहणाचं पदक मिळालं, तेव्हा या सात जणांनाही ते मरणोत्तर देण्यात आलं. हिमालयाच्या मोहिमांत शेर्पांना बरोबरीचा मान मिळाल्याचा हा पहिला मोठा प्रसंग. त्यासाठी मात्र आधी मरावं लागलं.

तेव्हापासून तीसच्या दशकापर्यंत शेर्पांनी जे केलं त्याला शिक्षण म्हणतात. शाळा नव्हती, पण मोहिमा होत्या आणि त्या एकामागून एक येत होत्या : एव्हरेस्ट, कांचनगंगा, नंगा पर्वत, नंदादेवी, केटू. एका मोहिमेत ओझं वाहणारा दुसऱ्या मोहिमेत पायऱ्या खोदू लागे, तिसऱ्या मोहिमेत दोराच्या पुढच्या टोकाला असे, चौथ्या मोहिमेत सरदार होई. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन क्लबच्या दार्जिलिंग शाखेने या माणसांच्या नोंदवह्या ठेवल्या, त्यांच्या कामाचे शेरे लिहिले, पुढे उत्तम शेर्पांना ‘टायगर’चा बिल्ला द्यायला सुरुवात केली. जन्मजात गुणाला नोंदवही लागत नाही. कुणाचा हात चांगला आणि कुणाचा कच्चा, हे मोहिमांच्या नेत्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर नावानिशी मागणी येत असे. रक्ताची गोष्ट ते बाहेरच्या लोकांना सांगत आणि माणसं निवडताना नोंदवही उघडत.

या गोष्टीची एक गोड बहीणही आहे : शेर्पांची निष्ठा. १९३४ मध्ये नंगा पर्वतावर जर्मन मोहीम वादळात सापडली. नेते विली मेर्कल, वेल्झेनबाख आणि वीलांड मेले, त्यांच्याबरोबर सहा शेर्पाही मेले. गायले हे शेर्पा अखेरपर्यंत मेर्कल यांच्याजवळ राहिले आणि त्यांच्यासोबत गेले. आंग त्शेरिंग एकटे, अर्धमेल्या अवस्थेत खाली पोहोचले. युरोपात ही कहाणी स्वामीनिष्ठेची म्हणून गाजली. नऊ माणसं ज्या निर्णयांमुळे मेली, त्या निर्णयांची चर्चा त्या मानाने दबकी राहिली. तीनच वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच पर्वतावर एका रात्री हिमस्खलनाने सोळा जणांना गाडलं. त्यांत नऊ शेर्पा होते.

१९३९ च्या केटू मोहिमेत तर या दोन्ही गोष्टींची परीक्षाच झाली. फ्रिट्झ वीसनर आणि पासांग दावा लामा शिखरापासून सुमारे अडीचशे मीटर खाली होते. संध्याकाळ झाली होती. वीसनर यांना रात्री चढाई चालू ठेवायची होती. पासांग यांनी दोर सोडायला नकार दिला. पुढे अनेक वर्णनांत या नकाराचं खापर शेर्पांच्या भुताखेतांच्या भीतीवर फोडलं गेलं. आठ हजार मीटरच्या वर, अंधारात, अनोळखी भिंतीवर पुढे न जाण्याचा निर्णय एखाद्या युरोपीय गिर्यारोहकाने घेतला असता, तर त्याला विवेक म्हटलं गेलं असतं. हेच पासांग दावा लामा १९५४ मध्ये चो ओयूच्या पहिल्या चढाईत शिखरावर उभे होते.

१९३९ च्या त्याच केटू मोहिमेत गिर्यारोहक डडली वुल्फ वरच्या तंबूत अडकले. सरदार पासांग किकुली आणि त्सेरिंग यांनी बेस कॅम्पपासून सहाव्या कॅम्पपर्यंतचं, दोन हजार मीटरहून जास्त उंचीचं अंतर एका दिवसात कापलं. किकुली वुल्फपर्यंत पोहोचले, पण वुल्फ खाली यायच्या स्थितीत नव्हते. वादळात एक दिवस गेला. ३१ जुलैला किकुली, पासांग कितार आणि फिन्सू पुन्हा वर निघाले आणि परतले नाहीत. किकुली हे १९३४ च्या नंगा पर्वतावरून हिमदंश घेऊन वाचलेले. १९३६ मध्ये नंदादेवी, १९३८ मध्ये केटू करून आलेले. त्या दिवशी त्या पर्वतावर बचावाचं काम त्यांच्याइतकं जाणणारा दुसरा कुणी नव्हता. अशा माणसाने पूर्ण जाणिवेने उचललेल्या जोखमीला ‘निष्ठा’ म्हणून मोकळं होणं म्हणजे त्याची बुद्धी त्याच्याकडून काढून घेणं.

तेनझिंग नोर्गे यांच्याबाबतही तेच घडलं. २९ मे १९५३ नंतर जगाला एकच प्रश्न पडला, की शिखरावर पहिलं पाऊल कुणाचं, तेनझिंग यांचं की एडमंड हिलरी यांचं? त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. त्या दिवशी एव्हरेस्टचा सर्वाधिक अनुभव असलेला माणूस तेनझिंग होते. १९३५, १९३६, १९३८, १९४७ आणि १९५२ मध्ये दोनदा, अशा सहा मोहिमा त्यांच्या पाठीशी होत्या. आदल्याच वर्षी स्विस गिर्यारोहक रेमंड लँबेर यांच्याबरोबर ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत जाऊन आले होते. १९५३ च्या मोहिमेत आइसफॉलमध्ये हिलरी हिमभेगेत कोसळले, तेव्हा आइस ॲक्स बर्फात रोवून दोर ताणून धरणारे तेनझिंगच होते. ही प्रतिक्षिप्त क्रिया अठरा वर्षांच्या कामातून येते.

मोहिमेच्या सुरुवातीला काठमांडूतल्या ब्रिटिश वकिलातीत शेर्पांची सोय गॅरेजमध्ये, पूर्वीच्या तबेल्यात केली होती. शौचालयही नव्हतं. सकाळी शेर्पांनी वकिलातीसमोरच्या रस्त्यावर लघवी करून आपलं मत कळवलं. मोहीम संपल्यावर तिचे नेते हंट आणि हिलरी यांना नाइटहुड मिळाला, तेनझिंग यांना जॉर्ज पदक. १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट उघडली, तिच्यात क्षेत्रीय प्रशिक्षणाचे प्रमुख म्हणून काम करण्याआधी तेनझिंग स्वित्झर्लंडला गेले आणि तिथल्या व्यावसायिक गाइडांकडून शिकवण्याची पद्धत शिकून आले. जगातला सर्वांत प्रसिद्ध शेर्पा एव्हरेस्ट सर केल्यानंतरही शिकायला गेला, यापेक्षा स्पष्ट पुरावा आणखी कुठला हवा? २००३ पासून खुंबूतल्या फोर्त्से गावात ‘खुंबू क्लायम्बिंग सेंटर’ चालतं. तिथे शेर्पा तरुण गाठी, दोराचं तंत्र, बचाव आणि प्रथमोपचार शिकतात. कारण पूर्वी नुसत्या अनुभवावर वर जाणाऱ्यांना, सुरक्षेचं तंत्र न शिकवताच, कामाला जुंपलं जात होतं. रक्ताची गोष्ट इथे थेट जिवावर बेतते. ज्याला सगळं जन्मतःच येतं, त्याला प्रशिक्षण देण्यावर खर्च कोण करील?

आजच्या एव्हरेस्टवर तर शेर्पांचं काम ‘मदत’ या शब्दात मावतच नाही. हंगामाच्या आरंभी ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणवणारी शेर्पांची तुकडी खुंबू आइसफॉलमधून शिड्या आणि दोर टाकत वाट काढते. बर्फ सरकत राहतो म्हणून ती वाट पुन्हा पुन्हा दुरुस्त करते. त्यांच्या पुढे दुसरी तुकडी ल्होत्सेच्या भिंतीवरून साउथ कोलपर्यंत आणि तिथून शिखरापर्यंत दोर बांधत जाते. तंबू, इंधन, अन्न, प्राणवायूच्या बाटल्या त्यांच्या पाठीवरून वर चढतात. नेपाळच्या बाजूने जाणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा या दोराला जुमार ही पकड लावून वर सरकतो. पहिला दोर बांधत जाणाऱ्या शेर्पापुढे मात्र पकडायला दोर नसतो. गिर्यारोहणाच्या जुन्या व्याख्येप्रमाणे त्या दिवशी पर्वत ‘चढतो’ तो तोच. कामी रिता शेर्पा मे २०२५ मध्ये ३१ व्यांदा एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. बातम्यांत हा आकडा विक्रम म्हणून येतो. खरं तर ती त्यांच्या नोकरीची कारकीर्द आहे.

इथे विरोधकांचा दुसरा मोर्चा उघडतो. ठीक आहे, कसब आहे; पण त्याचे पैसे मिळतात. कुणी जबरदस्ती केली आहे का? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चांगल्या क्लायम्बिंग शेर्पाला एका हंगामात काही हजार डॉलर मिळतात आणि नेपाळातल्या बहुतेक कामांपेक्षा ती कमाई खूप जास्त आहे. या पैशांतून खुंबूत घरं, लॉज आणि मुलांची शिक्षणं उभी राहिली. शेर्पांना बिचारे ठरवणं हा त्यांच्या अपमानाचाच एक प्रकार आहे. पण आक्षेप घेणाऱ्याने आपल्या वाक्याचा अर्थ नीट पाहावा. माणूस पैशासाठी, विचार करून, धोका तोलून काम पत्करतो, म्हणजे तो व्यवसाय आहे. मग व्यवसायाला लागू होणारे सगळे प्रश्न लागू होतात : मजुरी, विमा, प्रशिक्षण, आणि ‘आज काम नाही’ म्हणण्याचा हक्क.

हा हक्क वापरला तेव्हा काय झालं, ते २०१४ मध्ये दिसलं. १८ एप्रिलच्या सकाळी एव्हरेस्टच्या पश्चिम खांद्यावरचा बर्फाचा कडा कोसळला आणि आइसफॉलमध्ये ओझी वाहणारे सोळा नेपाळी कामगार मेले. त्यांतल्या तिघांचे देह कधीच सापडले नाहीत. सरकारने अंत्यविधीसाठी प्रत्येक कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपये, म्हणजे सुमारे ४०० डॉलर जाहीर केले. त्या वेळी एव्हरेस्टच्या परवान्यांतून सरकारी तिजोरीत दर वर्षी सुमारे तीस लाख डॉलर येत होते. शेर्पांनी मागण्या मांडल्या आणि हंगाम बंद पाडला. मग सूर पालटला. एरवी ‘सदा हसतमुख’ असलेले शेर्पा एकाएकी भडकलेले, बहकवलेले, राजकारणी ठरले. जेनिफर पीडम यांच्या ‘शेर्पा’ या माहितीपटात हा पालट कॅमेऱ्यासमोर घडताना दिसतो. वर जाऊन काम करणाऱ्यांसाठी दहा लाख नेपाळी रुपये असलेला किमान विमा त्यानंतर पंधरा लाखांवर नेला गेला. सोळा मृत्यू आणि एक संप, एवढी किंमत मोजल्यावर मिळालेली ही पाच लाखांची वाढ.

शेर्पा स्वतः या कामाकडे कसं पाहतात, तेही ऐकण्यासारखं आहे. थामे गावचे आपा शेर्पा वडील गेल्यावर बाराव्या वर्षी हमालीला लागले, २१ वेळा एव्हरेस्ट चढले, आणि २००६ मध्ये मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंबासह अमेरिकेत युटा राज्यात जाऊन राहिले. आता ते आपल्या भागातल्या शाळांसाठी काम करतात. मुलांना पर्वतावर मरायला जावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. १९६१ मध्ये हिलरींच्या मदतीने खुंजुंगला शाळा निघाली. तिथून आणि तिच्यासारख्या शाळांतून शिकलेले कित्येक जण वैमानिक, डॉक्टर, व्यापारी झाले. खुंबूतली मुलं या कामातून बाहेर पडत असताना मकालूच्या पायथ्याचे, रोलवालिंगचे तरुण त्यात येत आहेत. दुसरा पर्याय मिळताच जे सोडलं जातं, ते रक्तात असतं असं कसं म्हणायचं?

आणि जे स्वतःसाठी चढू लागले, त्यांनी काय केलं? १६ जानेवारी २०२१ रोजी दहा नेपाळी गिर्यारोहक हिवाळ्यात केटूच्या शिखरावर पोहोचले. नऊ शेर्पा आणि एक मगर. आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांपैकी हिवाळ्यात न चढलेलं हे शेवटचं शिखर होतं. १९८७-८८ पासून पोलिश, रशियन आणि इतर पथकं तिथे हरली होती. शिखराच्या अलीकडे ते दहा जण थांबले, एकमेकांची वाट पाहिली आणि एकत्र माथ्यावर गेले. पहिलं पाऊल कुणाचं, हा १९५३ चा प्रश्न त्यांनी कुणाला विचारूच दिला नाही. त्यांच्यातल्या शेर्पांची जनुकं तीच होती, जी १९३४ मध्ये नंगा पर्वतावर होती. या वेळी त्यांच्यासोबत ज्याला वर न्यायचं असा पाहुणा नव्हता आणि निर्णय त्यांचे होते.

नेपाळी मालकीच्या मोहीम-कंपन्या आता बाजारावर पकड बसवत आहेत. याचा अर्थ शोषण संपलं असा नाही. धनी गावचा असला तरी आइसफॉलमधल्या खेपा कमी होत नाहीत, आणि स्वस्त मोहिमांच्या चढाओढीत नवख्या मुलांना अपुऱ्या तयारीने वर पाठवलं जातं. रक्ताची गोष्ट आता नेपाळी कंपन्यांच्या जाहिरातींतही सापडते, कारण ती विकली जाते. गोऱ्या साहेबांना दोष देऊन हा विषय संपत नाही तो याचमुळे.

मराठी वाचकाचा या वादाशी संबंध दूरचा नाही. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण, आणि २०१९ मध्ये त्याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेवर. सह्याद्रीच्या कड्यांवर तयार झालेल्या मुलांनी वर्गणी गोळा करून, नोकरीतून रजा काढून हे केलं आहे. त्या कर्तबगारीला कमी लेखायचं काहीच कारण नाही. शेर्पांचं कसब मान्य केल्याने पाहुण्याचं कसब पुसलं जात नाही. दोराला दोन टोकं असतात, एवढंच. शेर्पांच्या इतिहासाचं मोठं काम मुंबईतूनच झालं आहे. हिमालयन क्लबशी जोडलेल्या नंदिनी पुरंदरे यांनी दीपा बलसावर यांच्यासह अनेक वर्षं दार्जिलिंगच्या शेर्पा कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या आणि ‘हेडस्ट्रॅप’ हे पुस्तक २०२४ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. जुन्या मोहिमांच्या ग्रंथांत यादीच्या शेवटी बसवलेली माणसं त्यात आपापल्या नावाने, स्वभावाने आणि भांडणांसकट उभी आहेत.

मराठीत निघणाऱ्या मोहिमांच्या अहवालांना आणि सत्कारांच्या बातम्यांना तेवढी मजल लगेच गाठायची गरज नाही. ‘आणि त्यांचे शेर्पा’ या तीन शब्दांच्या जागी पूर्ण नावं आणि गावं लिहावीत. दोर कुणी लावला, शिखराच्या दिवशी कोण कुणाबरोबर होतं, मागे फिरायचा निर्णय कुणाचा होता, हे लिहावं. पुणे-मुंबईत मोहिमांना निधी देणाऱ्या उद्योगांनी आणि बँकांनी आयोजकांना विचारावं, की कामगारांचा विमा किती रकमेचा आहे, कायद्याच्या किमान रकमेपेक्षा जास्त आहे का, आइसफॉलमधल्या खेपांना मर्यादा आहे का, त्यांच्यातल्या कितींनी प्रशिक्षण घेतलं आहे आणि अपघात झाल्यास कुटुंबाला पैसे किती दिवसांत पोहोचतील. या प्रश्नांची उत्तरं काठमांडूतल्या कंपनीबरोबर केलेल्या करारात आणि खर्चाच्या तक्त्यात असायला हवीत. असतील, तर अहवालात छापायला अर्धं पान पुरतं. नसतील, तर निधी देण्याआधी ती लिहून घ्यावीत.